पायाखालची जमीन आणि आपले ज्ञान

(तामलवाडी, ता. तुळजापूर, जि. धाराशिव येथे ग्रामस्थ, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्ञान जसजसे वाढत जाते, तसतसे आपले अज्ञान किती अफाट आहे हे उमगू लागते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सभेत हे वाक्य उच्चारले की माना डोलतात, आणि सभा संपली की ते वाक्य सभामंडपातच राहून जाते. आज बोलण्यासाठी मला हाच विषय देण्यात आला, तेव्हा त्यावर नुसती सुभाषिते सांगून आपला वेळ घेऊ नये असे मी ठरविले. या वाक्याची परीक्षा मला आपल्या पायाखालच्या जमिनीवर घ्यावयाची आहे. आपल्या जिल्ह्याने त्याची किंमत माणसांच्या जिवांनी मोजलेली आहे, म्हणून.

तामलवाडी हे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे गाव. कोजागरीच्या सुमारास सोलापूरकडून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांचे लोंढे आपल्या दारावरून जातात. त्यांच्या आणि आपल्या पायांखाली काय आहे? वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या, आणि त्याखाली काळा पाषाण. विहीर खणलेल्या कोणत्याही शेतकऱ्यास हे ठाऊक असते, त्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. भूशास्त्र त्यात एवढीच भर घालते की, हा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून थरावर थर वाहून आलेला आणि निवून घट्ट झालेला लाव्हारस होय. आज सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे आणि महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग त्याच्यावर उभा आहे. सह्याद्रीचे कडे त्याचे, अजिंठा-वेरूळची लेणी त्याच्यात कोरलेली, आणि आपल्या घरांच्या भिंतीही त्याच्याच दगडांच्या.

इतका जुना, इतका जाड, इतका कठीण पाषाण खाली असताना हा प्रदेश हलणार नाही, असा समज होता. तो केवळ अडाणी माणसाचा समज नव्हता, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. दख्खनचे पठार हे भारतीय द्वीपकल्पाचा स्थिर गाभा आहे, भूकंप हिमालयाच्या पायथ्याशी, ईशान्येला, कच्छमध्ये व्हावयाचे, असे विद्वान मंडळी मानीत. भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे जे पाच विभाग मानकांच्या नकाशात केलेले होते, त्यांपैकी सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात किल्लारीचा परिसर होता. इमारतीचा आराखडा करणारा अभियंता हा नकाशा पाहून निश्चिंत होत असे, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने हा मध्यम आकाराचा भूकंप. परंतु लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव या आणि आसपासच्या गावांत काही क्षणांत दगडमातीचे ढीग झाले. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत वेगवेगळे दिले जातात. ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या ठिकाणी वसवावी लागली. येथून किल्लारी सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर असेल. आपल्यापैकी ज्यांनी वयाची पन्नाशी गाठली आहे, त्यांना ती पहाट मी सांगावयास नको.

आता प्रश्न असा की, तो नकाशा चुकला कसा? नकाशा करणाऱ्यांजवळ पूर्वी झालेल्या भूकंपांच्या नोंदी होत्या. जेथे नोंदी अधिक तेथे धोका अधिक, जेथे नोंदी नाहीत तेथे धोका कमी, असे त्यांनी मांडले. यापेक्षा वेगळे त्यांनी तरी काय करावे? परंतु ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘घडले नाही’ असा आपोआप लावला गेला. उपकरणांनी भूकंप मोजण्यास लागून शंभर-सव्वाशे वर्षे झाली. बखरी, ताम्रपट, परकीय प्रवाशांची वर्णने असे सर्व जमेस धरले तरी काही शतके होतात. ज्या खडकाचे वय कोट्यवधी वर्षांत मोजावे लागते, त्याच्या स्वभावाविषयीचा निर्णय आपण या काही शतकांच्या पुराव्यावर देत होतो. एखाद्या गृहस्थाला दुपारी पाच मिनिटे झोपलेला पाहून तो कधीच उठत नाही असे म्हणण्यासारखेच ते झाले.

शिवाय हा धडा पहिलाच नव्हता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर हादरले होते. तो प्रदेशही याच पठाराचा, याच पाषाणाचा, आणि तोही तोवर शांतच समजला गेलेला. भूकंपानंतर नकाशात सुधारणा झाली आणि कोयनेचा परिसर वरच्या, चौथ्या विभागात गेला. परंतु तेथे धरणाचा जलाशय होता. जलाशयाचा भार आणि भेगांत शिरणारे पाणी यांमुळे आधीच ताणलेला खडक सरकू शकतो, हे कोयनेने जगाला दाखविले, आणि आजही या विषयाच्या अभ्यासात कोयनेचे नाव जगभर प्रथम घेतले जाते. हे मोठेच ज्ञान होते. मात्र त्यातून नकळत एक समाधानही निर्माण झाले. कोयना हा अपवाद, त्याचे कारण सापडले, उरलेले पठार स्थिरच, असे मानले गेले. किल्लारीने ते समाधान मोडले. २००२ च्या सुधारित नकाशात सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. देशात ‘भूकंपाचा धोका नाही’ असे म्हणण्याजोगी जागाच मानकांत उरली नाही. ज्ञान वाढले म्हणून नकाशावरची एक खात्री पुसली गेली, असे मी या बदलाकडे पाहतो.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांचे ताफे या भागात आले. त्यांच्या हाती काय लागले ते मला थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे, कारण आजच्या विषयाचा गाभा तेथेच आहे. किल्लारीच्या भूकंपक्षेत्रात ६१७ मीटर खोलीचे विंधन छिद्र घेण्यात आले. वरचा काळा पाषाण ३३८ मीटरांवर संपला. त्याखाली सुमारे ८ मीटर जाडीचा गाळाच्या खडकाचा पातळ थर लागला आणि त्याखाली कोट्यवधींच नव्हे, तर अब्जावधी वर्षांचा प्राचीन खडक लागला. भूकंपाचे मूळ मात्र याच्याही कितीतरी खाली, काही किलोमीटरांवर. म्हणजे ज्या काळ्या पाषाणाच्या भरवशावर आपण निर्धास्त होतो, ते खरोखर एक जाड पांघरूण होते. पांघरुणाखाली कोण कुशीवर वळत आहे ते वरून दिसत नव्हते.

जेथे जमीन उचलली गेल्याच्या खुणा उमटल्या होत्या तेथे चर खणून थर तपासण्यात आले. भूकंप एखाद्या जुन्या भेगेवर झाला की खडक नव्यानेच फाटला, यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. जवळच माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय आहे, त्याचा काही संबंध असावा काय, यावरही दोन पक्ष झाले. भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आहे व हिमालयाला रेटा देत आहे, त्या रेट्याचा ताण साऱ्या द्वीपकल्पात साठतो, हे सर्वमान्य आहे. परंतु तो नेमका किल्लारीखालीच का मोकळा झाला, तामलवाडीखाली का नाही, याचे निर्विवाद उत्तर मिळालेले नाही. भूकंपापूर्वी आपल्यापुढे प्रश्न एकही नव्हता, सखोल अभ्यासानंतर डझनभर झाले.

या शोधातील एक टोक आपल्या जिल्ह्यातील तेरला येऊन पोहोचले, याचे मला विशेष वाटते. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात या व्यापारी पेठेचा उल्लेख आहे. परंतु तगर कोठे, याविषयी एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी देवगिरीपासून कोल्हापूरपर्यंत तर्क लढविले. १९०१ मध्ये फ्लीट यांनी ते तेर होय असे दाखवून दिले. तोवर जगाच्या लेखी हरवलेले ते शहर तेरच्या पांढरीखाली शांतपणे पडून होते, आणि पावसाळ्यात वर येणारे मणी व नाणी गावातली मुले वेचीत होती. तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालय ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. तर याच तेर परिसरात सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीच्या भूकंपानंतर जमिनीच्या थरांचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी या भागात मोठा भूकंप झाला असावा, असे त्यांना आढळलेल्या खुणांवरून दिसते. हे खरे असेल तर ‘येथे कधीच भूकंप झाला नव्हता’ हे आपले विधानच कोसळते. भूकंप झाला होता. तो लिहून ठेवणारे कोणी नव्हते, किंवा लिहिलेले आपल्यापर्यंत आले नाही.

तेर म्हटले की गोरोबाकाकांची आठवण येणारच. संतांचा मेळा जमला असताना मुक्ताबाईंनी कोपऱ्यातल्या थापटण्याविषयी विचारले, आणि याने मडके कच्चे की पक्के ते कळते असे काकांनी सांगताच, आमचीही परीक्षा करा असे म्हटले, ही कथा आपण कीर्तनात ऐकली आहे. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. इतर गप्प राहिले, नामदेव तेवढे रागावले, आणि ज्यांच्या भक्तीची सर्वांहून अधिक ख्याती त्या नामदेवांनाच काकांनी कच्चे ठरविले. पुढे नामदेव औंढ्याला जाऊन विसोबा खेचरांचे शिष्य झाले. कीर्तनकार या कथेतून अहंकाराचा उपदेश काढतात, आणि तो योग्यच आहे. मला मात्र तिच्यातले कुंभाराचे शास्त्र अधिक आवडते. मडके न फोडता त्याच्या अंगातली चीर ओळखावयाची तर एकच उपाय आहे, थापटून नाद ऐकावयाचा.

भूकंपशास्त्रज्ञ नेमके हेच करतात. पृथ्वीच्या पोटात उतरून पाहणे माणसाला शक्य झालेले नाही. तिची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे, आणि रशियातील कोला द्वीपकल्पात सर्वांत खोल छिद्र घेण्याचा जो प्रयत्न १९७० मध्ये सुरू झाला, तो वीस वर्षांनी १२,२६२ मीटरांवर थांबला. पाचशे पानांच्या ग्रंथाचे पहिले पानसुद्धा पुरते वाचून झाले नाही असे समजा. तेवढ्यातही काय झाले पाहा. सुमारे सात किलोमीटरांवर खडकाचा प्रकार बदलेल अशी अपेक्षा होती, तो बदलला नाही. उलट तेथे भेगाळलेला खडक आणि त्यात पाणी मिळाले, आणि खाली उष्णता अपेक्षेहून कितीतरी अधिक निघाली. बाकी सारे ज्ञान थापटण्याचे. भूकंप हाच थापटण्याचा घाव, आणि त्याच्या लहरी हा नाद. भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणात काम केलेल्या ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये अशा लहरींवरूनच पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे दाखविले. पृथ्वीच्या अंतरंगाविषयी जे काही आपल्याला ठाऊक आहे, त्यातील फार मोठा भाग कोठेतरी कोणाची तरी घरे पडत असताना मिळालेला आहे. हे ज्ञान स्वस्त नव्हे.

आपल्या राज्यात कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या मुळाशी जाण्यासाठी तीन किलोमीटर खोलीचे छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. त्याचा अभ्यास कराड येथील केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेतून चालतो. तेथे काळ्या पाषाणाचा थर किल्लारीच्या तिपटीहून अधिक जाड लागतो. विज्ञानाची आवड असलेल्या मुलांनी या प्रयोगावर लक्ष ठेवावे.

इतके सर्व ऐकल्यावर आपण विचाराल की, मग पुढचा भूकंप केव्हा? याचे उत्तर आज जगात कोणाजवळही नाही. दिवस, वेळ आणि ठिकाण सांगून भूकंपाचे भाकीत करण्याची विद्या अस्तित्वात नाही. किल्लारी भागात १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लहान धक्क्यांची मालिका झाली होती. लोक घाबरले, घराबाहेर झोपले, पुढे धक्के ओसरले आणि लोक घरात परतले. त्या धक्क्यांना आज आपण पूर्वसूचना म्हणतो. परंतु नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या बाजूला अशीच मालिका सुरू झाली, हजारो लहान धक्के नोंदले गेले, आणि किल्लारीसारखा मोठा भूकंप त्यामागून आला नाही. लहान धक्के मोठ्याची नांदी आहेत की नुसतीच कुरकुर, हे ते चालू असताना ओळखता येत नाही. ती नांदी होती, हे मागाहूनच कळते.

परंतु एका गोष्टीचे ज्ञान आपल्याजवळ आहे, आणि ते पक्के आहे. किल्लारी-सास्तूरची माणसे कशाने मेली हे आपल्याला ठाऊक आहे. बहुतेक सारी स्वतःच्या घराखाली दबून मेली. दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड आणि चिखलमातीच्या भिंती. बाहेरच्या बाजूने एक रांग, आतल्या बाजूने एक रांग, मध्ये खडीमातीची भर, आणि दोन्ही रांगांना एकमेकींशी बांधून ठेवणारा आरपार दगड जवळजवळ नाहीच. डोक्यावर मातीचे माळवद, उन्हाळ्यात गार आणि पावसाळ्यात गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर नवी माती घातलेली, म्हणजे वर्षागणिक जड होत गेलेले. हादरा बसताच भिंतीची दोन पदरे दोन दिशांना फुटली आणि माळवद खाली आले. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या गळून पडल्या, अशा घरांतली माणसे वाचली. कुडाच्या आणि पत्र्याच्या झोपडीत राहणारा गरीब पुष्कळ ठिकाणी बचावला, आणि ज्याच्या वाड्याच्या भिंती जाड तो गेला. भिंत जितकी जाड तितके घर भक्कम, ही आपल्या वाडवडिलांची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री होती. ऊन, पाऊस, चोर यांच्यापुरती ती खरीही होती. भूकंपापुढे ती टिकली नाही.

यावर उपाय काही आकाशातला नाही. पायाशी, दारे-खिडक्यांच्या माथ्याशी आणि छताखाली घराला सगळीकडून वळसा घालणारा सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, दगडी भिंत असेल तर ठराविक अंतरावर आरपार दगड, आणि हलके छत. गवंड्याला हे सांगावे लागते. सांगितले नाही तर तो नेहमीप्रमाणे बांधून मोकळा होतो. भूकंपानंतर लोकांनी दगडाचीच धास्ती घेतली आणि सिमेंट म्हणजे सुरक्षितता असे समीकरण बसविले. माझ्या मते ही एका खात्रीच्या जागी दुसरी खात्री आणून बसविणे झाले. सळईचा जोड कच्चा असेल, सिमेंटवर पाणी मारले नसेल, तर काँक्रीटचे छतही मातीच्या माळवदासारखेच खाली येते. कच्छचा प्रदेश नकाशात सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या विभागात होता, ही गोष्ट सरकारलाही ठाऊक होती आणि अभियंत्यांनाही. तरी २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गुजरातेत तेरा हजारांहून अधिक माणसे दगावली. आपण किल्लारीत न जाणता मेलो, तेथे लोक जाणून मेले, एवढाच फरक. नकाशातले ज्ञान भिंतीत उतरले नव्हते.

मी कला शाखेचा पदवीधर आहे, शास्त्रज्ञ नव्हे. माझ्या खात्याचे काम माहिती पोहोचविण्याचे. या कामात एक अडचण नेहमी येते, ती येथे मोकळेपणाने सांगतो. आपल्या आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात अधूनमधून मोठा गूढ आवाज होतो. भांडी खणखणतात, खिडक्या वाजतात, लोक घराबाहेर धावतात, आणि कार्यालयातला दूरध्वनी वाजू लागतो. भूकंपमापकावर नोंद नसेल तर अधिकाऱ्याला एवढेच सांगता येते की, या वेळी भूकंपाची नोंद झालेली नाही. मग आवाज कशाचा? कधी विमानाचा, कधी आणखी कशाचा, अशी अनुमाने निघतात. ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही. त्याला ‘हे अमुक आहे’ असे वाक्य हवे असते, आणि ते देण्याचा मोह अधिकाऱ्यालाही होतो. नेमक्या त्याच वेळी गावात कोणीतरी ‘उद्या पहाटे मोठा धक्का बसणार’ असे सांगत फिरत असतो. त्याच्याजवळ तारीख आणि वेळ तयार असते. ज्याला काहीच ठाऊक नसते त्याचे वाक्य पूर्ण असते, आणि ज्याने अभ्यास केला त्याचे वाक्य ‘बहुधा’ आणि ‘असावे’ यांनी अडखळते. अडखळणाऱ्याचे ऐकावे, अशी माझी आपणांस विनंती आहे. पूर्वी अशा वार्ता पारावर पसरत, आता हातातल्या मोबाईलवर क्षणात पसरतात, आणि विनाकारण थंडीत कुडकुडत रात्र काढण्याची पाळी लहान मुलांवर आणि आजारी माणसांवर येते.

आता पाण्याकडे वळतो, कारण भूकंप शतकातून एखादा आणि पाण्याची चिंता दरवर्षीची. आपला भाग अवर्षणाचा. बोअर घ्यावयाचे ठरले की पाणाडी येतो, हातात बेचकी किंवा तळहातावर नारळ घेऊन रानातून फिरतो आणि ‘येथे दोनशे फुटांवर तीन इंच पाणी’ असे छातीवर हात ठेवून सांगतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा भूवैज्ञानिक येतो, जमिनीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजतो आणि म्हणतो, ‘येथे पाण्याची शक्यता बरी दिसते.’ शेतकऱ्याचा कल कोणाकडे जाईल हे सांगावयास नको. परंतु काळ्या पाषाणाची रचना लक्षात घेतली तर भूवैज्ञानिक ‘शक्यता’ का म्हणतो ते कळते. हा खडक वाळूसारखा सर्वत्र पाणी धरीत नाही. पाणी मुरमात, मांजऱ्यात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत असते. भेग आपल्या बांधापासून दहा हातांवरून गेली तर शेजाऱ्याला धार लागते आणि आपल्याला धुरळा मिळतो. खोल गेले की पाणी असतेच, हा समज तर आपल्या भागात कित्येकांना कर्जात घेऊन गेला. खाली पोकळ समुद्र नाही. किल्लारीच्या छिद्राने दाखविले त्याप्रमाणे खाली पुष्कळ खोलवर घट्ट खडकच आहे, आणि तेथे मिळालेली एखादी धार जुन्या साठ्याची असली तर दोन उन्हाळ्यांत संपते.

तेव्हा गावासाठी दोन लहान कामे सुचवितो आणि थांबतो. पहिले काम बोअर घेणाऱ्यांचे. किती फुटांवर माती संपली, मुरूम कोठवर लागला, मांजऱ्या कोठे, लाल माती कोठे, पाणी कोठे लागले, किंवा लागलेच नाही, हे यंत्र चालू असतानाच लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. कोरड्या गेलेल्या बोअरची नोंद तर अवश्य द्यावी, ती लाजेने लपविली जाते आणि शेजारी पुन्हा त्याच जागी पैसे घालतो. दुसरे काम शाळेचे. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. गावातल्या चार-पाच विहिरी निवडून विद्यार्थ्यांनी हे मोजमाप दर महिन्याला करावे. त्यासाठी दोरी, दगड आणि मोजपट्टी पुरते, आणि विहिरीपाशी एखादे मोठे माणूस बरोबर असावे. मोजमाप विहिरीच्या कोणत्या दगडापासून घेतले तो दगड रंगाने खुणावून ठेवावा, आणि ती खूण वहीच्या पहिल्या पानावर लिहावी, म्हणजे ही मुले शाळा सोडून गेल्यावर पुढच्या वर्गाला त्याच जागेवरून दोरी सोडता येईल.